पुढच्या सीटवर ढेपेचं पोतं

माझी आई कोणत्याच गोष्टीला नाही म्हणत नाही. हे ऐकून लोकांना तिचं फार कौतुक वाटतं, कारण त्यांना तिच्याशी कधी काम पडलेलं नसतं. ती 'पाहू' म्हणते. हे 'पाहू' काय चीज आहे ते माझ्या वडिलांना ठाऊक होतं, मला ठाऊक आहे, आणि कित्येक दिवाळ्यांपासून तिला विमा विकायला येणाऱ्या त्या सज्जन गृहस्थांनाही एव्हाना कळलं असावं. ते अजून येतात, चिवडा खातात आणि जातात.

आई अकोल्याला राहते, एकटी. जुन्या शहरात दोन खोल्यांचं घर आणि घरापेक्षा मोठं अंगण. आम्ही फुलं-भाजीपाला पिकवून विकणारी माणसं. वावर चुलत्यांच्या वाट्याला गेलं, तर आईनं अंगणाचंच वावर करून टाकलं. मोगरा, शेवंती, झेंडू, जे येईल ते. सकाळी उठून गजरे करायचे, हार करायचे आणि ओट्यावर बसून फुलांसोबत अख्ख्या गल्लीच्या खबरांची देवाणघेवाण करायची, हा तिचा धंदा. मी अमरावतीला. हायस्कुलात गणित शिकवते, आणि गणिताच्या बाईचा स्वभाव कसा असतो असं लोकांना वाटतं, अगदी तसाच माझा आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी गाडी काढते, मूर्तिजापूरला एक चहा घेते आणि जेवायला आईकडे पोचते. रविवारी संध्याकाळी परत.

गेल्या पावसाळ्यात आई अंगणातल्या पाण्याच्या टाक्याजवळ शेवाळावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. शेजारीण फुलं न्यायला आली होती म्हणून बरं, नाहीतर किती वेळ पडून राहिली असती कोण जाणे. ते प्लास्टर पाहिलं आणि मी ठरवलं, बस झालं. आता आई अमरावतीला माझ्याकडे राहील. मला झोप लागेनाशी झाली होती हो. फोन वाजला की वाटायचं आई पडली, आणि नाही वाजला की वाटायचं कळवायलाही कोणी नाही. मी तिला सांगितलं, आवराआवर कर, घर भाड्यानं देऊ. आई म्हणाली, "पाहू."

पाहता पाहता प्लास्टर निघालं, दसरा झाला, झेंडू संपला. मी दर शनिवारी विषय काढायची आणि दर शनिवारी आईचं काहीतरी चुलीवर उतू जायचं. विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जाते, ही तिची जुनी खोड. आणि ती उठून गेली की माझं डोकं सणकतं आणि मी दार आपटून बाहेर जाते, ही माझी. त्यामुळे आमचं कोणतंही बोलणं आजवर शेवटाला पोचलेलं नव्हतं.

शेवटी मी तिला प्रवासावर पकडलं. कशानं येतेस ते तरी सांग, म्हटलं. बस नको, कारण कंडक्टर धड उतरू देत नाही. रेल्वे नको, कारण त्या पुलाच्या पायऱ्या. राहिली माझी गाडी. प्लास्टर काढायला ती माझ्या गाडीतून गेली होती आणि तिथं तिला बरोब्बर हत्यार सापडलं होतं.

"तुही गाडी वाजते," आई म्हणाली. "ते वाजली का माह्या मणक्यात कळ निघते. मंग अमरावतीले मी येऊ कशी?"

गाडी वाजत होती हे खरं, मी खोटं कशाला बोलू. खड्डा आला, गतिरोधक आला, की पुढच्या चाकापाशी 'खटक्' व्हायचं. मला तो आवाज ऐकू येणं बंद झालं होतं, नवऱ्याचं घोरणं ऐकू येणं बंद होतं तसं. पण आईनं दाखवून दिल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

माझ्या जागी दुसरी एखादी बाई असती तर तिला तिथंच कळलं असतं की म्हातारी बहाणे करून राहिली. मी पडले गणिताची. कोणी अडचण सांगितली की मला ती सोडवायची असते. आवाज आहे म्हणून आई येत नाही, तर आवाज गेला की आई येईल. इतकं सरळ गणित. मी त्या आवाजाच्या मागे हात धुऊन लागले.

अमरावतीत गाडीचा आवाज ओळखणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. एकानं शॉकअप बदलले. आवाज तसाच. दुसऱ्यानं स्टीअरिंगवर आळ घेतला. तिसरा स्वतः गाडी चालवून आला आणि म्हणाला, मॅडम, काहीच नाही वाजत. डॉक्टरच्या दारात गेल्यावर पोराचा ताप उतरतो, तसं त्या गाडीनं त्याच्यासमोर शहाणपण केलं होतं. त्याच्या गॅरेजमधून बाहेर पडून पहिल्या गतिरोधकावर ती पुन्हा वाजली. मी रस्त्यातच तिला चार शब्द सुनावले, तर बाजूचा स्कूटरवाला मला सॉरी म्हणून गेला.

मग आमच्या ह्यांनी लक्ष घातलं. ह्यांचं म्हणणं असं की आवाज मागून येतो, डिकीतला जॅक हलतो. मी म्हटलं, पुढून येतो. यावर आमचं यथास्थित भांडण झालं, आणि मग ह्यांनी शास्त्रीय पद्धतीनं निकाल लावायचं ठरवलं. म्हणजे हे स्वतः डिकीत झोपले. अर्ध्या चड्डीवर. मी झाकण अलगद टेकवून त्याला दोरी बांधली आणि कॉलनीला फेरी मारायला निघाले. तिसऱ्या गतिरोधकावर आतून आरोळी आली. मी गाडी थांबवली ती नेमकी आमच्या तळमजल्यावरच्या बाईंच्या फाटकासमोर. बाई तुळशीला पाणी घालत होत्या. मी दोरी सोडली, झाकण उघडलं आणि आमचे हे कंबर धरत बाहेर आले. बाईंनी आमचं आधीचं भांडण ऐकलेलं होतं. "आवाज शोधून राहिलो," असं मी त्यांना सांगितलं, पण त्यांची काही समजूत पटली नाही. तेव्हापासून त्या प्रसाद घेऊन येतात, तो ह्यांच्याच हातात देतात आणि बरं आहे ना सगळं, असं हळूच विचारतात. डिकीतल्या संशोधनाचा निष्कर्ष मात्र निघाला. आवाज पुढून येत होता.

शेवटी तो आवाज सापडला अकोल्यात, आईच्याच गल्लीच्या तोंडाशी. तिथं एक गॅरेजवाला आहे. रोज सकाळी गॅरेजमधल्या देवाच्या फोटोला आईकडून हार नेतो, म्हणून आईच्या घरच्या सगळ्या गोष्टी आपल्याला माहीत असल्याच पाहिजेत असा त्याचा समज आहे. माणूस बोलण्यात पक्का. आवाजावरून गाडीची जन्मपत्रिका सांगतो असं म्हणायचा, आणि त्या पत्रिकेतलं निम्मं चुकायचं. पण त्या दिवशी त्यानं गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, आत पहार घातली आणि जरा रेटली, तर चाकाला धरून ठेवणारा तो लोखंडी आर्म हलत्या दातासारखा हलला. त्याच्या टोकाला रबराचं एक जाड बूच असतं. बुश म्हणतात त्याला. माझ्या गाडीचे बुश म्हणजे आईच्या टाचा. अशा भेगा, की त्यात चार आणे मावतील.

"ताई, रबर संपलं," तो म्हणाला. "आता लोखंडाले लोखंड लागून राहिलं. वाजन नाहीतं काय करन?"

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या काळ्या हातात हात देणार होते. आई मागे उभी होती. बरं झालं बाप्पा सापडलं, असं ती म्हणाली खरी, पण लपवलेला लाडवाचा डबा पोरांनी शोधून काढल्यावर जसा चेहरा होतो तसा तिचा झाला होता.

त्यानं जुने बुश ठोकून काढले, लेथवर नेऊन नवे दाबून बसवले, सगळं जागच्या जागी लावलं, बोल्ट आवळले आणि गाडी जॅकवरून खाली घेतली. मी आईला तशीच पुढच्या सीटवर बसवली आणि रेल्वे स्टेशनपर्यंत फेरी मारली. अकोल्यातले गतिरोधक मी त्या दिवशी वेचून वेचून घेतले. प्रत्येकाच्या आधी आई श्वास धरायची, आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहायची. काहीच वाजलं नाही. दारात उतरल्यावर मी विचारलं, आता बोल. आईनं नाकाला पदर लावला. मग म्हणाली की कोऱ्या रबराचा वास येतो आणि त्यानं तिचं डोकं चढतं. वास जाऊ दे, मग पाहू.

वास जायच्या आत आवाज परत आला. संक्रांतीच्या आसपास एका शनिवारी बोरगाव मंजूच्या अलीकडे पहिला 'खटक्' झाला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी पोचून मी आईला सांगितलं. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी आईनं मला तव्यावरची गरम भाकर वाढली, ठेच्यावर कच्चं तेल घातलं, आणि 'घे वं अजून एक' असा आग्रह केला. माझ्या दुःखात तिला जो गोडवा सुचला तो माझ्या लग्नातही सुचला नव्हता.

जेवण झालं आणि मी गॅरेजवाल्याशी भांडायला निघाले. आईनं पदर खोचला आणि मागोमाग आली. माझं भांडण गल्लीत होणार आणि तिनं ते न पाहता घरी बसायचं, हे शक्यच नव्हतं. पण गॅरेजवाल्यानं माझं भांडण सुरूच होऊ दिलं नाही. मला पाहताच तो उठला आणि उत्साहानं म्हणाला, "ताई, चूक सापडली." जणू ती चूक कोण्या तिऱ्हाइतानं केली होती आणि ह्यानं तिचा छडा लावला होता. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळायचा नसतो. लटकलेल्या चाकासोबत रबर एका जागी पक्कं होतं, आणि गाडी जमिनीवर आली की त्याला पीळ बसतो. मग ते बिचारं रात्रंदिवस मान मुरगळून झोपल्यासारखं राहतं आणि चार-दोन महिन्यांत फाटतं. चाकं जमिनीवर, गाडीत नेहमीचं वजन, आणि माणूस खालच्या खड्ड्यात, अशा वेळी आवळला पाहिजे. पुन्हा करून देतो, म्हणाला, नवे बुश आणूनच ठेवलेत.

भांडायला म्हणून गेलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की फार पंचाईत होते. मी म्हटलं, कर.

रविवारी सकाळी बुश बसले आणि गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर चारी चाकांवर उभी राहिली. फक्त बोल्ट आवळायचे बाकी. गॅरेजवाला हात पुसत आला आणि त्यानं विचारलं, "गाडीत नेहमी कोन कोन बसते?"

मी म्हटलं, मी आणि आई.

आई समोरच्या बाकड्यावर चहा पीत बसली होती. "मी कुठी बसतो?" ती म्हणाली. "ते एकलीच येते, एकलीच जाते."

गॅरेजवाला विचारात पडला. वास्तविक एका माणसाच्या वजनानं असा काय मोठा फरक पडणार होता. पण व्हिडिओ पाहिल्यापासून तो माणूस नेमाचा झाला होता. त्याला पक्कं हवं होतं, एक का दोन. मी म्हटलं दोन, आई पुढं. आई म्हणाली, पाहू.

"काकू," तो म्हणाला, "पाहूवर बोल्ट कसता येत नाही."

माझी आई इतकी वर्षं हा शब्द वापरते आहे, पण असं उत्तर तिला कोणी दिलं नव्हतं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग तिनं कायदा काढला. माझ्या वजनावर गाडी कसली तर मग मला रोज बसावं लागेल, आणि नाही बसले तर गाडी एका अंगानं वाकडी चालेल, होय की नाही? असं काही नसतं, एवढं त्या गॅरेजवाल्यानं म्हणायचं होतं. तो डोकं खाजवून म्हणाला, थोडीफार चालन. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, झालं. म्हणजे उद्या तुझ्या गाडीपायी मला माझं घर सोडावं लागेल.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, नको बसू, तुझ्या वजनाचं पोतं ठेवते. आणि ठेवलं. गॅरेजला लागून ढोरांच्या चाऱ्याचं दुकान आहे, तिथून सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, पोतं मागवलं. दुकानदारानं विचारलं, किती वजनाचं? मी आईला वजन विचारलं. आईनं चाळीस किलो सांगितलं. दुकानदारानं तिला एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि एका भरल्या पोत्यावर अजून एक अर्धं पोतं पाठवून दिलं.

तर अशी आम्ही बसलो. ड्रायव्हरच्या सीटवर मी, बाजूला पट्टा लावलेलं ढेपेचं पोतं, त्याच्या मांडीवर अर्धं पोतं, खाली खड्ड्यात गॅरेजवाला. त्यानं बजावलं होतं, हलायचं नाही. पोतं हळूहळू माझ्या खांद्यावर कललं. ढेपेचा तो तेलकट वास नाकात चढला. तेवढ्यात देवळातून येणाऱ्या दोन बायका थांबल्या, आईच्याच गजऱ्याच्या गिऱ्हाइकणी. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. आई काही सांगायच्या आत खड्ड्यातून आवाज आला, "ते काकू हायेत."

बायका हसता हसता भिंतीला टेकल्या. पण खरी मजा पुढेच होती. गल्लीत एक मोकाट गाय फिरते, तिला ढेपेचा वास लागला. ती सरळ आली, डाव्या खिडकीतून अख्खं तोंड आत घातलं आणि वरच्या पोत्याचं शिवलेलं तोंड चाटायला लागली. मला हलायची बंदी. मी नुसती हाड हाड करत राहिले. गाईनं एक सुतळी ओढली, पोतं उसवलं आणि तिनं आईला खायला सुरुवात केली. खालून गॅरेजवाला ओरडला की वजन कमी होऊन राहिलं.

आता आईला ते सहन होईना. ती उठली, गाईच्या पाठीवर दोन थापट्या देऊन तिला हाकललं आणि दुकानदाराच्या माणसांना पोती काढायला लावली. "माह्या जाग्यावर ढेप कायले?" ती म्हणाली. सीटवरचा चुरा तिनं पदरानं झटकला, उजवा पाय आत टाकला, डावा टाकला आणि बसली. पट्टाही लावला. बायकांनी अजून थांबायची तयारी केली होती, पण तिनं एकदा पाहिल्यावर त्या गेल्या.

खाली पाना फिरायला लागला. एक बोल्ट आवळायला असा किती वेळ लागतो, पण तिथली जागा अडचणीची होती. पाना अर्धा फेरा फिरायचा आणि काढून पुन्हा लावावा लागायचा. आणि त्या वेळात माझ्या ध्यानात आलं की आई उठून जाऊ शकत नाही. इथं चूल नाही, दूध नाही, उतू जायला काहीच नाही. मग हेही ध्यानात आलं की मलाही दार आपटून जाता येत नाही. आम्ही दोघी समोरच्या भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे पाहत बसलो होतो.

मी विचारलं, "आई, खरं सांग. तुले यायचं हाये का नाही?"

ती मान चोळायला लागली. मान आखडली म्हणाली. मी म्हटलं, मान नंतर. मग ती सरळ पुढे पाहत म्हणाली, "मले नाही यायचं."

मी चोपन्न वर्षांची आहे. माझ्या आईच्या तोंडून 'नाही' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला राग यायच्या ऐवजी भीती वाटली. राग मागून आला. मग मी जे सुटले ते सुटलेच. टाकं, शेवाळ, मनगट, रात्रीचे फोन, शेजारीण गावाला गेली तर काय, सगळं काढलं. माझा आवाज चढला, हात वर गेले, आणि गाडी हलली. खालून विनंती आली, "ताई, हलू नका."

मी हात मांडीवर ठेवले. आणि मग ज्याच्यासाठी मी इतके महिने त्या आवाजाच्या मागे धावत होते ते हळूच बोलले. "मले भेव लागते, आई," मी म्हटलं. "तू पडशीन अन् मले कळणारच नाही."

"पडीन," आई म्हणाली. अगदी साधं, आज भाजी कोणती करायची ते सांगावं तसं. "म्हातारं माणूस पडते. तुह्या तिसऱ्या मजल्यावर का पडणार नाही? पण मी तुह्याकडं आली तं तू कुठी जाशीन?"

मला काही कळलं नाही. मी कुठं जाणार, मी तर माझ्या घरीच. तेच बोलले.

"शनिवारी तू कशी येतं ते तुले दिसत नाही, मले दिसते," आई म्हणाली. "डोक्यात राख घालून येतं. शाळेवर चिडतं, नवऱ्यावर चिडतं, ते सरलं का माह्यावर चिडतं. मंग जेवतं, झोपतं, अन् रविवारी माणसात येऊन जातं. मी घर भाड्यानं देऊन तिथं येऊन बसली, तं तुले रुसून यायले घर कोणतं राहीन? मी तं तिथंच बसेल राहीन, तुह्या सासरी."

खाली पाना थांबला होता. मी समोरच्या पान्यांकडे पाहायचा फार प्रयत्न केला, पण ते सगळे एकमेकांत मिसळायला लागले. मी रडले. चोपन्न वर्षांची, गणिताची बाई, गल्लीच्या तोंडाशी, खड्ड्यावर उभ्या असलेल्या गाडीत, चांगली हुंदके देऊन रडले. मला वाटत होतं की माझ्या आईला मी सांभाळून राहिले. आईनं पट्ट्यातून हात काढून माझ्या पाठीवर ठेवला. गाडी चांगलीच हलत असणार, पण खालून कोणी काही म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं, घसा खाकरून, त्यानं फक्त इतकंच विचारलं की पुढचा बोल्ट घेऊ का.

त्यानंतर मी अमरावतीला न्यायचा विषय काढला नाही. टाक्याजवळ खरबरीत फरशी बसवली, धरायला पाइप लावला, आणि शेजारणीकडे एक किल्ली दिली. आईनं यातल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवली आणि सगळं वापरते. मध्यंतरी ती आमच्याकडे येऊन गेली, पाहुणी म्हणून, माझ्याच गाडीनं. सगळे गतिरोधक झोपेत काढले. चौथ्या दिवशी मोगऱ्याला पाणी घालायचं आहे म्हणून परत सोडून द्यायला लावलं.

काळजी गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही फोन वाजला की आधी ते टाकंच आठवतं. पण मागच्या बुधवारची गोष्ट सांगते. आमच्या ह्यांना भाजीबाजारातून सांबार आणायला सांगितलं होतं. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तसंच म्हणतात. हे विसरून आले. आणि विसरले तर विसरले म्हणावं की नाही? तर हे म्हणाले, तू सांगितलंच नव्हतंस. मग काय, सांबारावरून सुरू झालेलं भांडण ह्यांच्या बहिणीच्या लग्नापर्यंत मागे गेलं. मी पर्स उचलली, शाळेत अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि गाडी काढली. मूर्तिजापूरला चहालाही थांबले नाही.

आई ओट्यावर बसून शेवंतीचा हार करत होती. दोरा दातांत धरलेला. आज शनिवार नाही, तू कशी काय, असं काही तिनं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, दोरा दातांतून काढला आणि म्हणाली, "नवरा का शाळा?"

"नवरा," मी म्हटलं.

"बस मंग," आई म्हणाली, आणि फुलांची टोपली सरकवून तिनं मला ओट्यावर जागा केली.